पाट इंग्रजांचा, गव्हाण शेतकऱ्यांची

लोणीच्या माळावर 1950-51 चा पहिला गळीत हंगाम झाला. प्रवरा सहकारी साखर कारखान्याची कथा तिथून सांगायची आपल्याकडे रीत आहे, आणि अमृतमहोत्सवाच्या या स्मरणिकेतही ती तशी सांगता आली असती. पण गव्हाणीत पहिली मोळी पडली तेव्हा ऊस तयार होता, उसाला पाटाचे पाणी होते आणि पाटामागे भंडारदऱ्याचे धरण होते. संस्था नोंदवायला सहकाराचा कायदा होता. शेजारी हरेगावला इंग्रज व्यवस्थापनाखालच्या एका कंपनीचा कारखाना पाव शतकापासून धूर सोडत होता. ऊस सोडला तर यातले काहीही लोणीच्या शेतकऱ्याने उभारलेले नव्हते. परक्या राजवटीने ते आपल्या गरजेपोटी उभे केले होते. कारखान्याचे कूळ शोधायचे असेल तर 1950 च्याही मागे आणखी 75 वर्षे जावे लागते.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि नगर जिल्हा कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. हेन्री पॉटिंजर इथला पहिला कलेक्टर. पुढे रयतवारीची मोजणी झाली, प्रत्येक शेताला सारा बसला आणि तो रोख भरायचा ठरला. पाऊस पडो न पडो, हप्त्याची तारीख बदलत नव्हती. शेतकरी साऱ्यासाठी सावकाराकडे गेला, सावकाराने खत लिहून घेतले आणि नव्या दिवाणी कोर्टाने त्या खतावर हुकूमनामे दिले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला काही वर्षे सोन्याचा भाव आला होता. 1865 ला ते युद्ध संपले, भाव कोसळला, आणि त्याच सुमारास अनेक तालुक्यांत फेरमोजणीने सारा वाढला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने गाठली. लोण आपल्या जिल्ह्यातल्या श्रीगोंदा, पारनेर, कर्जत आणि नगर तालुक्यांत पसरले. माणसे मारण्यापेक्षा कर्जरोखे हस्तगत करून जाळणे हाच या उठावाचा रोख होता. शेतकऱ्याला आपला शत्रू नेमका कुठे दडला आहे ते कळले होते: कागदात.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. त्याच साली आणखी एक कायदा झाला, त्याची आठवण आपण कमी काढतो. मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे कायद्याने सरकारला नदी-नाल्यांचे पाणी पाटासाठी ताब्यात घेण्याचा आणि त्यावर पट्टी बसवण्याचा अधिकार मिळाला. पाण्यासाठी सरकारी कचेरीत अर्ज करायचा, मंजुरीची वाट बघायची आणि पाटकऱ्याची मर्जी सांभाळायची, ही आपल्या लाभक्षेत्रातली व्यवस्था तिथून सुरू झाली. सात नंबरचा फॉर्म भरताना आजचा शेतकरी त्याच परंपरेत उभा असतो.

पाणी अडवणे या जिल्ह्याला नवे नव्हते. निजामशाहीतल्या भातोडीच्या तलावाचे पाणी 1624 च्या लढाईत मलिक अंबरने शत्रूच्या छावणीवर सोडले, हे नगरकरांना ठाऊक आहे. हबशी मुलखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनची जमीनमोजणी आणि पाणी दोन्ही जाणत होता. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात त्याच भातोडीची डागडुजी केली आणि प्रवरेवर लाख व ओझर इथून लहान पाट काढले. पण 1876-78 चा दुष्काळ आला तेव्हा हे सगळे अपुरे ठरले. पुढे 1896-97 आणि 1899-1900 असे लागोपाठ दुष्काळ पडले. छप्पनच्या दुष्काळाची, म्हणजे संवत 1956 ची आठवण जुन्या घरांत पिढ्यान् पिढ्या निघत राहिली.

यानंतर 1901 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने पाटबंधारे आयोग नेमला. अध्यक्ष होते सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ. या नावाशी थोडे थांबायला हवे, कारण प्रवरेचा आणि नाइलचा धागा याच माणसाच्या हातातून गेला आहे. स्कॉट-मॉन्क्रिफ मुळात हिंदुस्थानातल्या कालव्यांवर शिकलेले अभियंते. 1882 मध्ये इंग्रजांनी इजिप्त ताब्यात घेतल्यावर तिथल्या पाटबंधारे खात्याची सूत्रे त्यांच्याकडे गेली. त्यांच्या हाताखाली विल्यम विलकॉक्स होते, त्यांचा जन्म हिंदुस्थानातला आणि शिक्षण रूडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. अस्वानच्या पहिल्या धरणाचा आराखडा याच विलकॉक्स यांचा. गंगा-यमुनेच्या कालव्यांवर तयार झालेली ही विद्या नाइलवर गेली, आणि निवृत्तीनंतर स्कॉट-मॉन्क्रिफ तीच घेऊन दुष्काळाने पोळलेल्या दख्खनचा विचार करायला इथे आले. घाटमाथ्यावर पावसाचे पाणी साठवून ते पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात पाटाने न्यावे, हा दख्खनसाठीचा विचार त्या आयोगाच्या काळात पक्का झाला. दारणा आणि भंडारदरा ही त्याचीच फळे.

भंडारदऱ्याचे काम 1910 मध्ये सुरू झाले. अकोले तालुक्यात, रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा जिथे डोंगरातून बाहेर पडते, तिथे 270 फूट उंचीची दगडी भिंत चढू लागली. त्या काळी हिंदुस्थानात एवढे उंच धरण दुसरे नव्हते. 10 डिसेंबर 1926 रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि धरणाला विल्सन यांचे नाव मिळाले, जलाशय आर्थर लेक म्हणून ओळखला जाऊ लागला. सुमारे 11 टीएमसी पाणी. धरण पुरे होण्याआधीच ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेले डावे-उजवे पाट संगमनेर, राहुरी आणि बेलापूरकडच्या रानात पोहोचू लागले होते. ज्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांच्या खोऱ्यात ते पाणी साठले, त्यांच्या शिवारात मात्र पाट गेला नाही. राघोजी भांगरे याच मुलखातले. इंग्रजांविरुद्ध उठाव केल्याबद्दल 1848 मध्ये त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली होती. त्या खोऱ्यातल्या लोकांनी साम्राज्याचे हे दुसरे रूपही पाहिले: पाऊस त्यांच्या डोंगरावर, भिजणारी जमीन 60-70 मैल खाली.

याच काळात, याच साम्राज्याने सुदानमध्ये काय केले ते पाहिले की आपल्या पाटाचा अर्थ नीट उमगतो. खार्टुमच्या दक्षिणेला निळी आणि पांढरी नाइल यांच्यामध्ये गेझिराचा सपाट, काळ्या मातीचा प्रदेश आहे. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. 1925 मध्ये निळ्या नाइलवर सेन्नारचे धरण पुरे झाले. भंडारदऱ्याच्या एक वर्ष आधी. सुदान सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनींची मालकी कागदावर त्यांच्याच नावे ठेवली, पण त्या 40 वर्षांच्या सक्तीच्या भाडेपट्ट्याने घेतल्या आणि सारखे तुकडे पाडून कुळांना वाटल्या. कोणते पीक, कधी पेरायचे, किती पाणी द्यायचे हे सुदान प्लँटेशन्स सिंडिकेट ही लंडनची कंपनी ठरवायची. कापसाच्या उत्पन्नात कुळाचा हिस्सा 40 टक्के. बाकीचे सरकार आणि कंपनी वाटून घेत. हिशेब कंपनीकडे, सरकी काढण्याचे कारखाने कंपनीकडे, विक्री कंपनीकडे.

नगर जिल्ह्यात साम्राज्य एवढ्या थराला गेले नाही, पण वाट तीच होती. धरण-पाटांवर पैसा ओतला गेला आणि शेतकरी पाणी घेईना. बाजरी-ज्वारीचा शेतकरी पावसाने दगा दिला तरच पाटाकडे वळे, एरवी पट्टी कशाला भरायची हा त्याचा हिशेब. बारमाही बागाईतीला भांडवल लागते, खत लागते, बैल लागतात, आणि ते त्याच्याकडे नव्हते. पाटाचे व्याज निघायचे तर पाण्याला दाम देणारे पीक हवे होते. ते पीक म्हणजे ऊस. विश्वेश्वरय्या पुणे भागात अभियंते असताना त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉकची पद्धत बसवली होती. ठरावीक क्षेत्राला काही वर्षांसाठी पाण्याची हमी आणि त्यात साधारण तिसरा हिस्सा ऊस. ती दख्खनच्या इतर पाटांवर आली. पाणी घेणारा हात कुठून आणायचा, हा प्रश्न उरलाच. तो दोन जणांनी सोडवला. एक सासवडचे माळी. नीरेच्या पाटावर उसाचे तंत्र शिकून ते गोदावरी आणि प्रवरेच्या पाटांवर आले, खंडाने जमिनी घेऊन त्यांनी ऊस आणि गुळाची गुऱ्हाळे उभी केली. दुसरी बेलापूर कंपनी.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रेडी या मुंबईच्या इंग्रज पेढीच्या व्यवस्थापनाखाली हरेगावला ही कंपनी उभी राहिली. सरकारच्या पुढाकाराने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या गेल्या आणि सलग मळे तयार झाले. साहेबांचे बंगले, कामगारांच्या चाळी, मळ्यातून धावणारी छोटी रेल्वे, कंपनीचा दवाखाना असे एक वेगळेच जग शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत उभे राहिले. जमीन त्याची होती, पाणी त्याच्या नदीचे होते, आणि तो त्या मळ्यात रोजंदारीवर जात होता. 1932 मध्ये सरकारने साखरधंद्याला जकातीचे संरक्षण दिल्यावर देशी भांडवलही या पाटांवर आले. डहाणूकरांचा टिळकनगरचा कारखाना, सोमैयांचे साकरवाडी आणि लक्ष्मीवाडीचे कारखाने त्यानंतरचे. मालक बदलले, इंग्रजाच्या जागी मुंबईचा व्यापारी आला, पण घडी तीच राहिली. कारखान्याचे स्वतःचे मळे, त्यामुळे शेतकऱ्याच्या उसाची फारशी गरज नाही. शेतकऱ्याने गूळ करावा, अडत्याकडे न्यावा आणि मिळेल तो भाव घ्यावा.

हरेगावचे नाव आणखी एका कारणाने या इतिहासात यायला हवे. डिसेंबर 1939 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे महार-मांग वतनदारांच्या परिषदेत भाषण केले. वतनी जमिनींवरची जुडी सरकारने वाढवली होती, तिच्याविरुद्ध ती परिषद होती. पाटाच्या पट्ट्यात जमिनीची किंमत वाढली तशी सरकारची नजर गावगाड्यातल्या सर्वांत खालच्या माणसाच्या तुकड्यापर्यंत गेली. बागाईतदारांच्या सहकाराची कथा सांगताना आपण हा प्रसंग वगळतो. तो वगळू नये.

सहकाराचा कायदासुद्धा वारशातूनच आलेला. 1875 च्या उठावानंतर शेतकऱ्याला सावकाराशिवाय कर्ज कसे मिळेल हा प्रश्न सुटला नव्हता. वेडरबर्न आणि न्या. रानडे यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली होती, ती लंडनने नाकारली. फ्रेडरिक निकल्सन यांनी जर्मनीतल्या राइफायझन पतपेढ्यांचा अभ्यास करून मद्रास सरकारला अहवाल दिला आणि 1904 मध्ये पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. 1912 मध्ये तो इतर प्रकारच्या संस्थांना लागू झाला, 1925 मध्ये मुंबई इलाख्याने स्वतःचा कायदा केला. सरकारला त्यातून शांतता हवी होती. कर्जबाजारी शेतकरी पुन्हा खते जाळायला निघू नये, एवढी त्यांची अपेक्षा. कारखाना काढण्याचे हत्यार म्हणून त्या कायद्याचा उपयोग होईल, हे त्यांच्या मनात असण्याचे कारण नव्हते.

ते विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटलांच्या मनात आले. लोणी बुद्रुकचे, चौथीपर्यंत शिकलेले विठ्ठलराव. 1923 मध्ये त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. त्यांच्या मोठेपणाच्या अनेक कथा सांगितल्या जातात, पण मला त्यांच्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की पतपेढीच्या वहीत त्यांनी शेतकऱ्याची खरी कोंडी वाचली. कर्ज स्वस्त मिळाले तरी गुळाचा भाव पडला की शेतकरी पुन्हा तिथेच. तिसाच्या दशकातल्या मंदीत गुळाच्या ढेपा घरात पडून राहिल्या तेव्हा हे सगळ्यांना दिसले. पिकावरची प्रक्रिया हातात नाही तोवर पीकही हातात नाही, हे त्यांनी ओळखले.

दुसऱ्या बाजूने याच निष्कर्षाला धनंजयराव गाडगीळ आले होते. केंब्रिजला शिकलेले, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे 1930 पासूनचे संचालक. दख्खनच्या पाटांच्या आर्थिक परिणामांचा त्यांनी गोदावरी कालव्यावर प्रत्यक्ष अभ्यास केला होता. पाटाचा फायदा कोणाच्या खिशात जातो हे त्यांना आकड्यांत माहीत होते. डिसेंबर 1945 मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, दख्खनच्या बागाईतदारांची परिषद गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली भरली. शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना काढावा हा विचार तिथे पुढे आला आणि विठ्ठलरावांनी तो उचलून धरला. पुण्याचा अर्थशास्त्रज्ञ आणि लोणीचा पाटील यांची ही जोडी जमली नसती तर कारखाना झाला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडगीळांशिवाय मुंबई-दिल्लीची दारे उघडली नसती आणि विठ्ठलरावांशिवाय एकाही शेतकऱ्याने शेअर घेतला नसता.

भागभांडवल जमवण्याची ती तीन-चार वर्षे या संस्थेचा खरा पाया आहेत. कारखाना उभा नाही, परवाना हातात नाही, यंत्रे कुठून येणार ठाऊक नाही, आणि शेतकऱ्याकडे पैसे मागायचे. आधीच्या पिढ्यांनी कागदावर अंगठा उठवून जमिनी घालवल्या होत्या. पुन्हा एका कागदावर सही करायची, तीही साखर कारखान्याच्या, ज्या प्रकारच्या कारखान्याने आजवर त्याला मजूर करून सोडले होते. विठ्ठलराव आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले, चावडीवर बसले, एकेका घरात पुनःपुन्हा गेले. बायकांनी अंगावरचे डाग मोडून शेअरचे पैसे दिल्याच्या आठवणी पंचक्रोशीत अजून सांगितल्या जातात. मुंबई सरकारमध्ये वैकुंठभाई मेहता हे सहकार चळवळीत मुरलेले गृहस्थ अर्थ आणि सहकार खात्याचे मंत्री होते. त्यांच्या पाठिंब्याने सरकारनेही भाग घेतले, राज्य सहकारी बँक आणि नवे औद्योगिक वित्त महामंडळ कर्जाला उभे राहिले. 1948 मध्ये संस्थेची नोंदणी झाली. अध्यक्ष गाडगीळ, उपाध्यक्ष विठ्ठलराव. गाडगीळ पुढे दशकभर अध्यक्ष राहिले. 1950 च्या अखेरीस दिवसाला 500 टन ऊस गाळण्याच्या क्षमतेने चरक फिरू लागला.

आपल्या कारखान्याला आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणण्याचा प्रघात आहे. इतिहास लिहिताना अचूक असावे. आंध्रात इटिकोप्पाका इथे 1930 च्या दशकातच सहकारी साखर कारखाना निघाला होता. प्रवरेचे वेगळेपण दुसऱ्याच गोष्टीत आहे. इथल्या उदाहरणावर एका राज्याचा अख्खा धंदा उभा राहिला. नगर जिल्ह्यातच कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर इथे पाठोपाठ सहकारी कारखाने निघाले आणि ज्या पाटांवर खासगी कंपन्यांची सत्ता होती तिथे शेतकऱ्यांच्या संस्थांची झाली. 1961 मध्ये पंडित नेहरू प्रवरानगरला आले. ज्या जिल्ह्यात इंग्रजांनी त्यांना 1942 ते 1945 किल्ल्यात कोंडले होते, त्याच जिल्ह्यात त्यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना पाहिला. त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. पुढच्या शाळा, महाविद्यालये, रुग्णालय यांची हकिकत या स्मरणिकेत अन्यत्र सविस्तर आहे.

पुन्हा सुदानकडे वळतो. गेझिराच्या कुळांनीही लढा दिला होता. 1946 मध्ये त्यांनी कापूस पेरायला नकार देऊन संप केला, राखीव निधीतला आपला पैसा मागितला. 1950 मध्ये, आपला पहिला हंगाम सुरू झाला त्याच वर्षी, सिंडिकेटचा करार संपला. पण जागा घेतली ती सरकारी गेझिरा बोर्डाने, आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले सिंडिकेटमधलेच इंग्रज अधिकारी आर्थर गेट्स्केल. 1956 मध्ये सुदान स्वतंत्र झाला, बोर्ड सुदानी झाले, योजना मनाकिलपर्यंत वाढली. कूळ मात्र कूळच राहिले. काय पेरायचे ते वरून ठरत राहिले, देशाची परकी गंगाजळी एका कापसावर टांगलेली राहिली, आणि जिथे कापूस नव्हता ते दारफूर आणि दक्षिणेचे प्रदेश उपेक्षित राहिले. नाइलकाठचा एक हिरवा पट्टा आणि बाकी कोरडा देश ही इंग्रजांनी आखलेली विषमता पुढच्या यादवी युद्धांच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी एक आहे. डिसेंबर 2023 मध्ये युद्ध गेझिराच्या वाद मदनी शहरात पोहोचले, पाट गाळाने भरले, पंप आणि गोदामे लुटली गेली, शेतकरी परागंदा झाले. शंभर वर्षांपूर्वी एकाच विद्येतून निघालेल्या दोन पाटांपैकी एकाची ही अवस्था झाली. त्याच्या बातम्या वाचताना प्रवरेकाठच्या माणसाला परकेपणा वाटू नये.

आपल्याकडे जे वेगळे घडले त्याचे मूळ हिशेबाच्या वहीत आहे. उसाचे वजन, साखरेचा उतारा, भावाची निश्चिती या गोष्टी सभासदांच्या निवडलेल्या मंडळाकडे आल्या आणि शेअर कितीही असले तरी मत एकच. हा बदल इंग्रजांच्या हिशेबात नव्हता.

पण वारशातले जे बदलले नाही तेही या इतिहासात लिहिलेच पाहिजे.

हरेगावच्या मळ्यांसाठी ज्यांच्या जमिनी खंडाने गेल्या, ते खंडकरी शेतकरी. इंग्रज गेले तरी जमीन परत आली नाही. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी कारखान्यांचे मळे सरकारने घेतले आणि 1963 मध्ये शेती महामंडळ स्थापन केले. जमीन कंपनीकडून महामंडळाकडे गेली, मूळ मालक बाहेरच. कॉ. माधवराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खंडकऱ्यांनी दशकानुदशके मोर्चे काढले, कोर्टकचेऱ्या केल्या. कायद्यात दुरुस्ती होऊन जमिनींचे प्रत्यक्ष वाटप सुरू व्हायला 2012 नंतरचा काळ उजाडला. ज्यांच्या आजोबांनी जमीन दिली त्या नातवांच्या हाती सातबारा आला. मधली पिढी वाट बघत गेली. हरेगावचा कारखाना केव्हाच बंद पडला आहे.

दुसरा वारसा जमिनीतच मुरला आहे. भरपूर पाणी, निचरा नाही, वर्षानुवर्षे ऊस. पाटाखालच्या काळ्या जमिनी चोपण होऊ लागल्याचे इंग्रजांच्या अभियंत्यांनाच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसले होते आणि इंग्लिस यांनी बारामतीकडे चर खोदून निचऱ्याचे प्रयोग केले होते. रोग पाटाबरोबर आला, औषध पाटाइतके पसरले नाही. स्वातंत्र्यानंतर आपणही चरांपेक्षा नव्या लागणीकडे जास्त लक्ष दिले. आपल्या जिल्ह्याचेच कॉ. दत्ता देशमुख आठमाही पाण्याचा आग्रह धरत होते. बारमाही उसाला पाणी देऊन थोड्या शेतांचे भले करण्यापेक्षा आठ महिने जास्त शेतांना पाणी द्यावे, हे त्यांचे म्हणणे साखरपट्ट्यात कोणालाच गोड लागले नाही. मला ते आज अधिक पटते.

पाणी कोणाला, ही रेघ इंग्रजांनी ओढली आणि आपण ती जाड केली. पाटाच्या खालच्या अंगाला ऊस, वरच्या अंगाला टँकर. अकोले, संगमनेर, राहाता आणि शेजारच्या कोरड्या गावांसाठी निळवंडे धरणाला 1970 मध्ये मान्यता मिळाली. 182 गावांच्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण ऑक्टोबर 2023 मध्ये झाले. म्हणजे विल्सन यांनी भंडारदऱ्याचे उद्घाटन केल्यावर 97 वर्षांनी त्याच नदीचे पाणी तिच्याच वरच्या खोऱ्यातल्या दुष्काळी गावांकडे पाटाने निघाले. खालच्या अंगाला मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा प्रश्न आहेच. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले आणि कमी पावसाच्या वर्षी भंडारदरा-मुळेचे पाणी मराठवाड्याला सोडायचे की नाही यावरून आपला जिल्हा कोर्टात उभा राहतो. आपण तिथे मांडतो तो मुख्य आधार म्हणजे जुने मंजूर ब्लॉक आणि जुने लाभक्षेत्र. इंग्रजांच्या काळी मिळालेल्या मंजुरीवर आपला हक्क आणि त्यांच्या काळी न मिळालेल्या मंजुरीवर मराठवाड्याचा तोटा, ही मांडणी किती टिकाऊ आहे याचा सभासदांनी मोकळेपणाने विचार करावा.

शेवटी ऊसतोड कामगार. गेझिरात कापूस वेचायला पश्चिम आफ्रिकेतून आलेली माणसे असत. मक्केच्या वाटेवरची ही हौसा-फुलानी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या तिथे राबली, तरी योजनेत त्यांची जागा कुळाच्याही खाली. आपल्या गव्हाणीत मोळी पडते ती पाथर्डी, जामखेड आणि बीडकडच्या कोयत्यांनी तोडलेली. दिवाळी संपली की मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायको टायरगाडीवर संसार लादून निघतात, कोप्या बांधतात, पहाटे थंडीत फडात उतरतात आणि वाढे विकून चार पैसे मिळवतात. पाथर्डी-जामखेड आपल्याच जिल्ह्यातले तालुके आहेत. इंग्रजांच्या पाटाने जे कोरडे ठेवले त्यांच्यात हे तालुके होते, आणि आपल्या कारखानदारीने त्यांच्याकडून पाण्याऐवजी हात घेतले. उत्पादक सभासद व्हायला ऊस पिकवणारी जमीन लागते, म्हणून एक माणूस एक मत हे तत्त्व त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही.

कारखान्याच्या दप्तरात पहिल्या सभासदांच्या शेअरनोंदी आहेत. त्यांच्या शेजारी पहिल्या हंगामापासूनच्या तोडणी-वाहतूक टोळ्यांची नावे, गावे आणि उचलीचे हिशेब सापडतील तेवढे गोळा करून ठेवावेत, पाथर्डी आणि शिरूर कासारच्या जुन्या मुकादमांकडून व वयस्क तोडणीवाल्या बायकांकडून हकिकती लिहून घ्याव्यात, आणि हरेगाव-टिळकनगरच्या खंडकरी कुटुंबांकडचे जुने करारनामे नकलून घ्यावेत. हे काम अमृतमहोत्सवी वर्षातच हाती घ्यायला हवे, कारण 1950 चा हंगाम पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत.